‘वगैरे’ न चालणारा माणूस

शिंदेकाका गेल्याचं त्यांच्या मुलीने, मीनलने, फोनवर कळवलं ते असं: "बाबा गेले. सकाळी सव्वासातला, घरीच, झटका आला. चहा झालेला, बिस्किटं दोन." एवढं सांगून मग ती रडली. मीही रडलो, पण मधेच हसू आलं... बापाने पोरीला तयारच तसं केलेलं. त्या घरात अर्धवट माहिती कोणी देतच नसे.

काका जुईनगरला एका कस्टम्स एजंटच्या ऑफिसात डिक्लेरेशनं भरायचे. परदेशातून माल मागवणाऱ्या आम्हा लोकांना, जहाज तिकडून सुटायच्या आधीच कळवावं लागतं की कंटेनरात नेमकं काय आहे, त्यातलं काय पेट घेईल, काय सांडलं तर भाजेल. बाकीचे एजंट मेलवर यादी मागवतात आणि मोकळे होतात. काकांना पार्टी समोर लागायची. मिसळ मागवायची आणि मालाची यादी मोठ्याने, तोंडी म्हणायला लावायची. कागद खोटं बोलला तर कळत नाही म्हणे, माणसाचं कळतं. एकदा मी "घरगुती सामान" म्हणालो, तर म्हणाले, "घरगुती तर आमची मंडळी पण हाय. लिहू का?"

एका वर्षी मी गणपतीसाठी लाइटच्या माळा मागवल्या. सीवूड्सच्या दुकानाची सगळी मदार त्यावर. गणपती गेल्यावर त्यांना कुत्रं विचारणार नव्हतं. आणि जहाज सुटायला दोन दिवस असताना तिकडच्या माणसाने कळवलं, माळांसोबत लिथियमचे सेल टाकलेत. सेल म्हणजे आगीचा माल! वेगळे कागद, वेगळं पॅकिंग, म्हणजे हे जहाज हुकणार. मी ठरवलं, गप्प बसायचं. मिसळीसमोर बसून पोपटासारखी यादी म्हटली, "माळा, वायर, प्लग वगैरे."

काकांनी हातातला पाव खाली ठेवला. "वगैरे काय?"

"वगैरे म्हणजे... वगैरे."

"शेठ, वगैरेत काय काय असतंय ते मला विचारा. सेल हायत ना?"

मला घाम फुटला. तो मी तर्रीवर ढकलला आणि वर चिडलो. "काका, बुडवाल मला! आत कोण बघतंय?"

"जो दार उघडतो तो," एवढंच म्हणाले, आणि नवा फॉर्म काढला. जहाज गेलं. माल पुढच्या जहाजाने आला आणि गणपतीच्या तीन दिवस आधी दुकानात पोचला. विकलं तेवढं विकलं. उरलेल्या माळा आजही खारघरला आमच्या घरी आहेत, मुंजीपासून केळवणापर्यंत कशालाही लावतो. काकांशी मी महिनाभर बोललो नाही. त्यांनी मात्र रोज गुड मॉर्निंगचे फोटो पाठवले, हट्टाने.

त्यांच्या तेराव्याला पंगतीत माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले. पवार, साताऱ्याकडचे, पूर्वी कंटेनर यार्डात माल उतरवायचे. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. त्यांनीच सांगितलं... काका नोकरीत नवे असताना एका पार्टीच्या भरवशावर "किरकोळ सामान" लिहून मोकळे झाले होते. आत ॲसिडचे कॅन होते, आणि दार पवारांनी उघडलं. तेव्हापासून दर दिवाळीला काका त्यांच्याकडे जायचे. लाज वाटली, अगदी खरी. हातातला घास मी पानात ठेवला.

"तुमी माळावाले नितीनशेठ ना?" पवारांनी विचारलं. "शिंदे लई कौतुक सांगायचा तुमचं. म्हनायचा, एवढ्या वर्षांत एकच पार्टी बघितली, सेल हायत म्हणून आपणहून येऊन सांगणारी."

त्या ॲसिडनंतर एक शब्द खोटा न लिहिलेल्या माणसाने माझ्या नावाने एक खोटं डिक्लेरेशन भरून ठेवलं होतं, आणि ते तपासायला आता कोणी नव्हतं. मान डोलावली असती तरी चाललं असतं.

"पवारकाका, साफ खोटं आहे ते," मी म्हणालो. "सेल मी लपवले होते. त्यांनी पकडलं मला."

पवारांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग स्वतःच्या पानातला लाडू उचलून माझ्या पानात ठेवला.

"मग आता सांगितलंत की आपणहून," म्हणाले. "खावा."