शाहीनच्या हाती किल्ली

धारूरच्या फकीरमियाँचं आयुष्य जिपा दुरुस्त करण्यात गेलं होतं. अलीकडे त्यांचे हात थरथरत, पण ते कुणाला कळू देत नसत.

त्या दिवशी त्यांचं जुनं गिऱ्हाईक परमेश्वरराव यांची हायब्रिड गाडी फकीरमियाँच्या गॅरेजात लॉक झाली. कामासाठी बॅटरीची वायर सोडलेली, त्यामुळं रिमोट चालेना. फकीरमियाँनी रिमोटमध्ये बसवलेली किल्ली ओढून काढली, दाराच्या हँडलवरचं झाकण उचकटलं. पण किल्ली भोकात काही जाईना. रंगावर ओरखडा उठला. परमेश्वरराव शेजारी उभे राहून बघत होते.

"अब्बा, मी लावू का?" सोबत काम करणारी त्यांची मुलगी शाहीन हळूच म्हणाली.

फकीरमियाँनी क्षणभर थांबून किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती भोकात सरळ घालून फिरवली आणि दार उघडलं.

"परमेश्वरराव, माझे हात आता लई थरथरतेत," फकीरमियाँ म्हणाले. "इथून पुढं गाडी हिच्याकडंच देत जा."

बोलून टाकल्यावर त्यांना हलकं वाटलं.