मगर दिसते तोवर

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. हायडेलबर्गला मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो आणि माझे रविवार चिखलात जात होते. शहरापासून सायकलीने तासाभरावर ऱ्हाइन नदीचं एक जुनं, मूळ प्रवाहापासून तुटलेलं पात्र होतं. साचलेलं पाणी, लव्हाळी आणि भरपूर डास. तिथे बगळे, बेडूक, पाणसाप यांचे फोटो काढणाऱ्या हौशी लोकांचं एक फेराइन, म्हणजे मंडळ होतं. त्यात मी एकटाच परदेशी. मंडळं आपल्याकडेही असतात, पण जर्मन मंडळात आधी वही येते आणि मग माणसं.

ही वही अध्यक्षांच्या ताब्यात असे. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर. कुणी काय पाहिलं, कुठे, किती वाजता, हे ते बारीक अक्षरात लिहून ठेवत. फोटो नसेल आणि दुसऱ्या कुणीही पाहिलेलं नसेल, तर त्या नोंदीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह पडायचं. एका सभासदाच्या पाणमांजरापुढे तर चार वर्षं प्रश्नचिन्ह होतं आणि तो बिचारा दर रविवारी त्या पाणमांजराच्या शोधात फिरत असे. मला त्याचं हसू यायचं.

एकदा मंडळाच्या बैठकीत कुणीतरी पाणसापाचा फोटो आणला. तीन रविवार पोटावर पडून काढलेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो चांगलाच होता, पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "आमच्या गावी कृष्णेत मगरी आहेत. बारा-बारा फुटी. त्या पलीकडच्या वाळूवर पडलेल्या असतात आणि अलीकडे घाटावर बायका धुणं धुतात."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आणि बायकांना भीती वाटत नाही?"

"मगर दिसते तोवर नाही वाटत," मी म्हणालो.

कोपऱ्यातून कुणीतरी हलकेच हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि समासात एक सुबक प्रश्नचिन्ह काढलं. मी भडकलो. माझं लहानपण ज्या घाटावर गेलं, त्याच्यापुढे हा माणूस पेन्सिल चालवतो म्हणजे काय? तावातावाने घरी आलो आणि वडिलांना पत्र लिहिलं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सोबत एक कोरा रोल पाठवला आणि लिहिलं, की कुणाचा तरी कॅमेरा मिळवा आणि समोरच्या वाळूवरच्या मगरीचे फोटो काढून रोल तसाच मला परत पाठवा. प्रश्नचिन्हाचं काही लिहिलं नाही. मुलाला तिकडे खोटारडा समजतात, हे अण्णांना कळवायची लाज वाटली.

अडीच महिन्यांनी रोल आला, सोबत अण्णांचं पत्र. सांगलीच्या एका स्नेह्यांनी बॉक्स कॅमेरा एका दिवसापुरता दिला होता. त्यात रोलवर आठच फोटो येत. प्रत्येक फोटोची वेळ आणि पुढे एक छोटासा शेरा अण्णांनी हजेरीपटासारखा आखून लिहिला होता. आणि खाली एक ओळ होती: "नुसत्या मगरीवर आठ फोटो घालवणे बरे वाटले नाही. म्हणून प्रत्येक फोटोत घरातले-शेजारचे कोणी ना कोणी घेतले आहे."

रोल वाया गेला, असंच मला ती ओळ वाचून वाटलं. मंडळाची डार्करूम एका शाळेच्या तळघरात होती. अध्यक्ष स्वतः हजर राहिले, कारण तोही नियम होता. तांबड्या दिव्याखाली ट्रेमध्ये पहिला फोटो उमटू लागला आणि त्यात आली आई. घाटाच्या शेवटच्या पायरीवर, लग्नाकार्यातलं लुगडं नेसून, हातात धोपटणं घेऊन, सावधान उभी. दुसऱ्यात माझ्या दोघी धाकट्या बहिणी, तेल लावून चापूनचोपून वेण्या घातलेल्या. तिसऱ्यात शेजारच्या काकू, त्यांच्या सुनेसह. चौथ्यात आमची म्हैस आणि तिचं दावं धरून काका. आपल्याकडे फोटो माणसांचा काढतात. रोल म्हणजे केवढी अपूर्वाई, ती मगरीवर कोण उधळणार? यात अण्णांचं काय चुकलं? पण मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"घरचे फोटो आहेत," मी पुटपुटलो. "चुकून आले."

"मोमेंट, थांबा जरा," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी ओला फोटो दिव्याखाली धरला आणि खिशातून भिंग काढलं. आईच्या खांद्यामागे, पाण्यापलीकडे, वाळूवर नखाएवढी एक काळी आकृती होती. मला ती ओंडक्यासारखी वाटली होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग बाकीचे सात फोटो त्यांनी एकेक करून टेबलावर ओळीने मांडले आणि अण्णांचा वेळेचा कागद मला वाचायला लावला.

सकाळी आठ: मगर वाळूवर, तोंड पाण्याकडे. साडेनऊ: तीच जागा, जबडा उघडा. अकरा: जबडा उघडाच, शेपूट वळलेली. अशा सात फोटोंत सात वेळा तीच मगर, हळूहळू सरकत गेलेली. ऊन चढलं तशी ती सावलीकडे गेली होती. माणसांचे फोटो काढता काढता अण्णांनी मगरीचा सबंध दिवस टिपला होता. पुढच्या बैठकीत हे आठ फोटो मोठे करून भिंतीवर लागले आणि पाणमांजरवाला तर खुर्ची घेऊन अगदी समोरच बसला.

पण प्रश्नचिन्ह अजून तिथेच होतं. मगर आहे हे सिद्ध झालं होतं, पण वहीतलं वाक्य भीतीबद्दल होतं. अध्यक्ष नियमाला पक्के. ते पुन्हा फोटोंपुढून चालू लागले आणि शेवटच्या फोटोपाशी थांबले. दुपारी साडेचार. अख्खं घर एकत्र, मधोमध अण्णा, त्यांच्या टोपीचं टोक किंचित तिरकं. कॅमेऱ्याचा खटका दाबणारे काका तेवढे त्यात नव्हते. मागची वाळू रिकामी.

"इथे मगर नाही," अध्यक्ष म्हणाले. "कागदावर काय लिहिलंय?"

मी वाचलं, "मगर पाण्यात गेली. आम्ही सगळे आहोत."

"आल्झो, तर मग," त्यांनी बोट ठेवलं, "सात फोटोंत तुमची माणसं सगळ्यात खालच्या पायरीवर आहेत, मगरीकडे पाठ करून. आठव्यात ती सगळ्यात वरच्या पायरीवर का उभी आहेत?"

मी फोटोकडे पाहिलं. मला ते दिसलंच नव्हतं, कारण माझ्यासाठी त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. लहानपणापासून आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं: समोर मगर पडली असेल तर खुशाल धुणं धुवा, आणि वाळू मोकळी झाली की वर या. अण्णांनी फोटोसाठी कुणाला वर बोलावलं नसणार. ती आपसूक वर आली होती.

"कारण आता ती दिसत नाही," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. सगळ्यांसमोर खोडरबराने ते प्रश्नचिन्ह पुसलं, रबराचा चुरा फुंकून टाकला आणि निरीक्षकाच्या रकान्यात माझं नाव लिहायला पेन टेकवलं.

"माझं नाही," मी म्हणालो. "माझ्या वडिलांचं. ते शिक्षक आहेत."

त्यांनी नावाआधी 'हेर लेहरर' असं लिहिलं, म्हणजे श्रीयुत शिक्षक. मग भिंतीवरच्या फोटोकडे पुन्हा एकदा पाहून पुढे जोडलं: 'आणि कुटुंब'. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलेही नाहीत. माझ्या प्रबंधाला पुढे उत्तम शेरा मिळाला, पण त्या रकान्याइतका अभिमान मला त्याचाही वाटला नाही.

सगळी हकीकत मी अण्णांना कळवली, या वेळी प्रश्नचिन्हासकट. महिन्याने उत्तर आलं. आई बरी आहे, म्हैस व्यायली, आणि शेवटी: "त्यांनी प्रश्नचिन्ह पुसले हे योग्य केले. आमच्या मुलाच्या शब्दापुढे ते घातलेच का होते, हे मात्र त्यांना आमच्या वतीने विचारणे."