अकरा बसलेल्या बायका

४ ऑगस्ट २०२४ रोजी आमच्या महिला बचत गटाच्या खात्यावर २,८७,६४० रुपये जमा होते. ते शेडसाठी साठवलेले होते. गटातल्या अकरा बायका कडक भाकरी करून विकतात. त्या वेळी हे काम भाड्याच्या एका कोंदट खोलीत चालायचं. तिथे पंखा लावता येत नव्हता, कारण पंख्याने पीठ उडतं आणि जाळ हलतो. उन्हाळ्यात दुपारी बारालाच काम थांबवावं लागे. माझी पत्नी वच्छला या अकराजणींतलीच एक. मी बी. कॉम. झालेला, म्हणून गटाचे हिशेब पहिल्यापासून माझ्याकडे आहेत. शेडसाठी आमच्या घरामागची मोकळी जागा द्यायची ठरली होती. एका ठेकेदाराने २,६२,००० रुपयांत पत्र्याची शेड, दोन खिडक्या आणि शटर असं अंदाजपत्रक दिलं होतं. फक्त सह्या व्हायच्या राहिल्या होत्या.

त्याच रविवारी बुद्धप्रिया माझ्याकडे आली. गटातल्या येसूबाईंची ही मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे वडील धम्मदीप एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. "काका, दोन आठवडे सह्या करू नका," ती म्हणाली. कॉलेजात त्या सत्राला छोट्या उद्योगासाठी जागा आखायची होती. तिला आमचीच शेड आखायची होती, आणि आखलेली शेड खरोखर बांधली जायला हवी होती.

तिची आधीची दोन कामं मला माहीत होती. पहिल्या वर्षी तिने बसथांबा केला होता, घारीच्या पंखासारख्या छताचा. धम्मदीपने घरी त्या मॉडेलवर दुपारच्या उन्हाच्या दिशेने बॅटरी धरली, तर सावली पलीकडे रस्त्यावर पडली. एसटीला सावली आणि माणसं उन्हात, असं म्हणून तो बराच वेळ हसत होता. नंतर तिने गोल वाचनालय केलं. गोल भिंतीला सरळ कपाट लागत नाही, हे सगळं चिकटवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. दोन्ही वेळा मार्क बेताचे पडले. हे ती स्वतःच रंगवून सांगते. मी तिला १८ तारखेच्या बैठकीपर्यंत मुदत दिली.

सहा दिवसांत तिने मॉडेल आणलं. पांढऱ्या पुठ्ठ्याचं, तिरप्या छताचं, भिंतीलगत लांब ओटा आणि वर ऐसपैस खिडक्या. आत पुठ्ठ्याची बोटाच्या पेराएवढी माणसंही होती. मला ते फार देखणं वाटलं. येसूबाईंनी ते मांडीवर घेतलं आणि आत डोकावून पाहिलं.

"ही कोन माणसं म्हनायची?"

"तुम्ही सगळ्या की."

"मग उभ्या का हायेत? आमी काय गिऱ्हाईक हाय व्हय?"

आमच्या गटातली एकही बाई उभी राहून भाकरी करत नाही. मांडी घालून, नाहीतर पाय पसरून, आठ-आठ तास त्या जमिनीवर बसतात. ओट्याची उंची, खिडकीची उंची तिने पुस्तकातून घेतली होती, आणि ती उभ्या माणसाच्या मापाची होती. तीन फुटांवरच्या खिडकीतून आलेला वारा बसलेल्या बाईच्या डोक्यावरून निघून जातो. कळायला लागल्यापासून तिने आईला बसूनच भाकरी थापताना पाहिलं होतं. कागदावर मात्र तिला उभी केली होती. ठेकेदाराच्या खिडक्याही तीन फुटांवरच होत्या, आणि ते अंदाजपत्रक मी तीनदा वाचलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की ती खोलीवर यायची आणि काठवट पुढ्यात ओढून बसायची. तिची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. ते तुकडे बायका तिलाच खायला लावायच्या. मग ती टेप काढायची. बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून किती उंच, हात कुठवर पोचतो, शेजारणीला कोपर लागू नये म्हणून किती अंतर हवं, हे सगळं तिने वहीत लिहिलं. आमचे ब्लाउज शिवतीस का काय, म्हणून बायका तिला छळायच्या. येसूबाईंचा डावा गुडघा दुखतो, त्या पाय लांब करून बसतात. त्यांना दोन फूट जागा जास्त लागते, हे त्यांच्या मुलीला तेव्हा समजलं.

१८ तारखेच्या बैठकीत तिने दुसरं मॉडेल मांडलं. ओटा गेला होता. एका बाजूची भिंत जमिनीपासून नऊ इंचांवरच सिमेंटच्या जाळीची झाली होती. बायकांनी जाळीकडे पाठ करून बसायचं, म्हणजे वारा पाठीला लागेल आणि पुढचा जाळ हलणार नाही. गरम हवा छताखालच्या फटीतून बाहेर जाईल. आणि आत अकरा बाहुल्या होत्या, सगळ्या बसलेल्या. एकीचा पाय लांब होता. एक भिंतीला टेकली होती, ती वच्छला. बायकांनी आपापली बाहुली ओळखली आणि पुढची पंधरा मिनिटं कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं.

मी खर्च विचारला. शटरऐवजी जुन्या बाजारातला दरवाजा धरून आकडा २,७१,८५० होता, म्हणजे ठेकेदारापेक्षा ९,८५० जास्त. ते मी बैठकीत सांगितलं. सगळ्या येसूबाईंकडे बघायला लागल्या.

"माझी पोरगी म्हनून हात वर करू नगा," येसूबाई म्हणाल्या. "बसायचं समद्यांला हाय."

दहा हात वर झाले. येसूबाईंनी हात केला नाही. त्यांनी आपली बाहुली उचलली आणि दाराजवळच्या जागेवर ठेवली. ती जागा वच्छलाला हवी होती. त्यावरून दोघींचं जे सुरू झालं, ते चहा येईपर्यंत चाललं. बुद्धप्रियाने सगळ्यांना आपापल्या बाहुल्या हलवू दिल्या आणि शेवटी कोण कुठे बसली ते पेन्सिलने आखून घेतलं. शेडमध्ये आजही बायका त्याच जागांवर बसतात.

बांधायला गुरुबसप्पा होते, अक्कलकोटकडचे जुने गवंडी. नकाशा बघून ते म्हणाले, "ताई, ही खिडकी न्हाय, मांजराचं दार हाय." काम थांबवून ते दोन दिवस तेच बोलत राहिले. बुद्धप्रियाने वाद घातला नाही. तोवर बाकीच्या भिंती तीन फूट वर आल्या होत्या, जाळीची बाजू अजून मोकळी होती. तिसऱ्या दिवशी ते जेवायला बसले तेव्हा तिने विचारलं, "मामा, तुम्ही रोज त्या मोकळ्या बाजूलाच का बसता?"

"वारा लागतो की."

बोलून झाल्यावर त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि हातातली भाकरी खाली ठेवून हसत सुटले. दुपारी त्यांनी जाळीचा पहिला थर लावला.

दिवाळीच्या आधी शेड उभी राहिली. कॉलेजात तपासणीच्या दिवशी तिच्या सरांनी मॉडेल टेबलावरून खाली घेतलं आणि स्वतः फरशीवर बसून आत पाहिलं, असं तिने येऊन सांगितलं. त्या सत्रात ती वर्गात दुसरी आली. संक्रांतीला बाजरीच्या भाकरीची मागणी इतकी होती, की आम्हाला दोन गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली. यंदा एप्रिलात पारा त्रेचाळीसवर असतानाही शेडमधलं काम तीनपर्यंत चालू होतं. हल्ली बुद्धप्रिया कुठेही गेली की आधी खाली बसते. बँकेत बसली होती, तेव्हा शिपायाने हटकलं.

मे महिन्यात गुरुबसप्पा पुन्हा आले. गावाकडे ते खोली बांधत होते. त्यांची अव्वा, म्हणजे आई, दिवसभर जमिनीवर बसून ज्वारी निवडते, आणि रस्त्याने कोण चाललंय ते तिला दिसत नाही. तेवढी एक खिडकी काढून दे, म्हणाले. बुद्धप्रिया दोनदा एसटीने जाऊन आली, अव्वांच्या शेजारी बसली, ज्वारी निवडली, माप घेतलं. अव्वांना मराठी कमी येतं आणि हिला कन्नड येत नाही, तरी दोघींचं छान जमलं. खिडकी झाली. अव्वा आता आतूनच रस्त्यावरच्या माणसांना हाका मारतात.

बुद्धप्रिया फी घ्यायला तयार नव्हती. ती मी ठरवली, पाचशे रुपये. गुरुबसप्पांनी तीनशे दिले. दोनशे येणे आहेत.