कार्तिकातलं वांगं

त्या वर्षी दिवाळी बाबांना चुकवून निघून गेली. कोजागरीनंतर त्यांना ताप भरला, तो छातीत उतरला आणि दिवाळीचे दिवस त्यांनी बुलढाण्याच्या एका दवाखान्यात डोळे मिटून काढले. बाहेर फटाके वाजले की त्यांची बोटं चादरीवर हलायची. त्यांना वाटत होतं, सोयाबीन काढायला उशीर झाला आणि शेंगा तडकायला लागल्या.

घरी आणलं तेव्हा छाती साफ होती. ताप गेला होता, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला होता. वरण-भात दिला तर म्हणायचे, "माती." दूध दिलं तर, "पांढरी माती." माझी बायको जेवणाआधी त्यांना आल्याचा तुकडा सैंधव लावून चघळायला द्यायची. त्याने भूक लागते, हे त्यांनीच तिला कधीतरी शिकवलं होतं. ते तो निमूट चघळायचे आणि गिळून म्हणायचे, "तिखट माती, सूनबाई." आमच्या उंद्री गावच्या मळ्यात पन्नास वर्षं भाजीपाला पिकवलेल्या माणसाने मातीची चव ओळखण्यात चूक केली नसणार.

त्यांचा सदरा आता त्यांनी घातलेला वाटत नसे, खुंटीवर टांगलेला वाटे. डॉक्टर भला माणूस होता, कमी बोलायचा. तो म्हणाला, "औषधांचं काम संपलंय. आता हे जेवले तर उठतील. आठवडाभर पाहू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल." बाबांचे डोळे मिटलेलेच होते. ऐकलं की नाही, कळलं नाही. मी मात्र ऐकलं, आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक घास मी मोजायला लागलो. मोजायला फारसं काही नव्हतं.

त्यांची खाट पूर्वेच्या खिडकीपाशी होती. त्या दिवसांत सकाळी घाटातून धुकं वर यायचं. आधी कुंपण जायचं, मग कडुनिंब, मग खिडकीच्या चौकटीत नुसता पांढरा उजेड उरायचा. त्या उजेडाकडे तोंड करून बाबा अर्धवट झोपेत बोलत राहायचे. "चिवळ निघाली का बे?" चिवळ ही उन्हाळ्यातली थंड पालेभाजी. थोड्या वेळाने, "तरोटा कवळा आहे तवरच खुडा." तरोटा पावसाचा. मग हरभऱ्याचे शेंडे, मग चैत्रातली कडुनिंबाची पानं गुळासोबत. एका सकाळीत ते वर्षभर हिंडून यायचे आणि दुपारी उठून विचारायचे, "मी कुठी आहो?" मी सांगायचो, "बुलढाण्याले, बाबा." शाळेत मी पुस्तकी मराठीत भूगोल शिकवतो. बाबांशी बोलताना ती भाषा आपोआप गळून पडते.

शेजारी खुर्ची टाकून मी वह्या तपासायचो. मुलांनी लिहिलेलं असायचं, भारतात मुख्य ऋतू तीन आहेत. मी बरोबरची खूण करायचो आणि खाटेवर पाचवा की सहावा ऋतू चालू असायचा.

आमच्या घरात आहारशास्त्र नव्हतं, मनाया होत्या. श्रावणात पालेभाजी नाही. उन्हाळ्यात बाजरी नाही. आंबील चैत्रापासून मृगापर्यंत, त्यानंतर मागितली तरी नाही. आणि वांगं, आषाढी एकादशीपासून मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत बंद. आमच्याकडे तिला वांगेसट म्हणतात. त्या दिवशी खंडोबाला भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य दाखवतात, कुत्र्याला घास घालतात आणि मग वांगं मोकळं होतं. हे सगळं मी लहानपणी मुकाट पाळलं, नोकरी लागल्यावर हसून सोडलं.

हसण्यामागे थोडं वाचन होतं आणि थोडा अनुभव. काही वर्षांपूर्वी इथल्या एका मंगल कार्यालयात ऋतुचर्येवर शिबिर झालं होतं. शिक्षक म्हणून मला जावं लागलं. बाबा आपणहून आले. आधी नऊ जणांचे सत्कार झाले, त्यात ज्यांनी सतरंजी दिली तेही होते. मग वक्त्यांनी दोन तास सांगितलं की आपल्या मातीत, आपल्या ऋतूत जे उगवतं तेच औषध. भर श्रावण होता. जेवणात मटार-पनीर होतं, फ्लॉवरची भाजी होती आणि सफरचंद घातलेलं कस्टर्ड होतं. वक्त्यांनी मटार दोनदा घेतले. बाबांनी वरण-भात खाल्ला, हात धुतला आणि परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "हा माणूस पोथीतून बोलते अन् फ्रीजातून जेवते." त्यानंतर ऋतुचर्या हा शब्द ऐकला की मला थंडगार मटार आठवतात.

डॉक्टर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं अजून उतरलं नव्हतं, आणि बाबा छताकडे बघत स्पष्ट म्हणाले, "भरीत खाव वाटते."

तीन आठवड्यांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. बायको हातात पळी घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"आज करते, मामाजी," ती म्हणाली.

"सट झाली का?"

ती खरं बोलणारी बाई आहे. "नाही, अजून आहे वेळ."

"मंग नोको." त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी दोन चमचे पेज गेली. दुसऱ्या दिवशी तीही नाही.

चौथ्या दिवशी मला ती अक्कल सुचली. दिवाळी या माणसाने झोपेत काढली. तुळशीचं लग्न झालं तेव्हाही ते आत झोपलेले होते. आज कोणती तिथी आहे, हे त्यांना कुणी सांगितलं तरच कळणार. भिंतीवरचं नोव्हेंबरचं पान मी उलटलं आणि डिसेंबर वर घेतला. पहिल्याच ओळीत चंपाषष्ठी होती. वीसेक दिवस मी एका बोटाने ओलांडले.

बायकोला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात थांबले.

"मामाजींना फसवाल हो. खंडोबाला कसं फसवाल?"

"खंडोबा कॅलेंडर पाहत नाही."

"म्हणूनच म्हणते."

मी नळीची आठवण दिली. तिने कणकेचा गोळा पुन्हा मळायला घेतला. मग म्हणाली, "भरीत करीन. रोडगे करीन. पण तळी उचलायची नाही न् येळकोट म्हणायचा नाही. खोट्या दिवशी देवाचं नाव मी घेणार नाही."

वांगी बाजारात होतीच, ती आता बाराही महिने असतात. भरताची मोठी हिरवी वांगी आणली. ती खरं तर पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजायची. पण कापूस अजून शेतात उभा होता, पऱ्हाट्या कुठून येणार? गॅसवर भाजली. कळण्याची भाकरी केली, ज्वारी आणि उडदाची, त्यांना आवडते तशी. नैवेद्याचा रोडगा घेऊन मी फाटकाशी गेलो आणि गल्लीतल्या कुत्र्याला हाक मारली. त्याने हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो समोरच्या घराच्या पायरीवर जाऊन बसला.

"आज वांगेसट आहे, बाबा," मी म्हणालो. माझा आवाज मला शाळेतल्या परिपाठासारखा वाटला.

त्यांनी मान वळवून कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांना लांबचं दिसत नव्हतं, पण पान बदललेलं कळलं असावं. "एवढी लवकर आली?"

"तुम्ही झोपून होते ना, बाबा."

"कुत्र्याले टाकला रोडगा?"

"टाकला," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

पाठीला उशी लावून त्यांना बसवलं. बाहेर ऊन निघत होतं, धुक्याचा शेवटचा पदर कडुनिंबाच्या बुंध्याशी होता. बायको भिंतीला टेकून उभी, मी खाटेच्या कडेला. त्यांनी भाकरीचा बारीक तुकडा मोडला, भरतात बुडवला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला. चावायला लागले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो, उतरतं की नाही. चावणं लांबलं. मग थांबलं.

घास त्यांनी तळहातावर काढून घेतला.

"हे सटीचं वांगं नाही."

"काऊन, बाबा?"

"बी कडू आहे. थंडी लागली नाही याले अजून. हे पावसाच्या पाण्यावर फुगलेलं वांगं होय. अन् गॅसवर भाजलं. पऱ्हाट्या निघाल्या नाहीत वाटते." ते माझ्याकडे बघत राहिले. "कार्तिक आहे ना बे अजून?"

मी मान खाली घातली. चाळीस वर्षांपूर्वी मळ्यातली काकडी चोरून खाल्ली तेव्हा घातली होती, तशी. बायको पुढे आली आणि ताट उचलायला लागली. "चुकलं, मामाजी. तुम्ही काहीच खात नव्हते म्हणून यांनी..."

"ताट काऊन नेते? वाटी ने." त्यांनी भरताची वाटी बाजूला सारली. "भाकर राहू दे. कार्तिकात आंबाडीची बोंडं असतात. चटणी आहे?"

चटणी होती. आंबाडीच्या लाल बोंडांची, लसूण न घातलेली, कारण वांग्यासारखा लसूणही सटीपर्यंत बंद, आणि घरात हे एकटी बायको पाळत होती. तिने ती आणली. वाढताना चमच्यातून चटणी चादरीवर सांडली आणि तो लाल डाग पुढे कधी गेला नाही. बाबांनी भाकरीला ती लावून खाल्ली. डोळे बारीक झाले, ओठ आत ओढले गेले. "आंबट आहे," ते म्हणाले.

एवढाच शब्द. माती म्हणाले नाहीत.

अर्धी भाकरी गेली. खाणं झाल्यावर ते पाठ टेकून बसले आणि मी विचारलं, "देवाले राग येईल का, बाबा?"

"देव काय, समजून घेते. पोट नाही समजून घेत. पावसाळ्यात वांग्यात अळी अन् माणसात पित्त. हे सांगून कोणी ऐकते का? खंडोबाचं नाव सांगतलं म्हणून तू धा-बारा वर्षं तरी ऐकलं."

माझ्या सगळ्या वाचनाला इतकी साधी गोष्ट सुचली नव्हती. खंडोबाला हसताना मी समजत होतो की घरात संशयी माणूस मीच एकटा आहे.

वाटीतलं भरीत टाकून द्यायचं जिवावर आलं. मी दुपारी खाल्लं, संध्याकाळीही खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी छातीत जळजळ घेऊन शाळेत तीन ऋतू शिकवले. हे बाबांना सांगितलं नाही. बायकोने बडीशेपेचं पाणी पुढे ठेवलं.

नळी लागली नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं? मी म्हणालो, आंबाडी. त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही, पण हसले. डिसेंबरचं पान मी परत नोव्हेंबरवर आणलं आणि ते वीस दिवस आम्ही पुन्हा एकदा, पायाने चालत काढले. धुकं दाट होत गेलं. बाबा आधी खिडकीपर्यंत गेले, मग ओसरीपर्यंत. आवळा निघाला, तुरीच्या शेंगा आल्या. झोपेत ते आता एकाच महिन्यात असायचे.

खऱ्या सटीला उंद्रीहून पऱ्हाट्यांची मोळी आली. अंगणात उन्हात पाटावर बसून बाबांनी वांगी स्वतः भाजली, काडीने उलटी-सुलटी करत. बायकोने तळी उचलली, येळकोट म्हटला, आवाज चढवून म्हटला. कुत्र्याने या वेळी रोडगा खाल्ला. त्यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही, त्या दिवशी त्याला भूक असेल.

साल काढून बाबांनी पहिला वाफाळता घास माझ्या हातावर ठेवला. "आता सांग, कसं लागते?"

मी चावलं. मला धूर लागला, मीठ लागलं, हिरवी मिरची लागली. "गोड आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुले काहीच समजलं नाही," म्हणाले आणि ताट बायकोकडे सरकवलं. "सूनबाई, अजून अर्धी भाकर आन."