सातानं जाते न

सरकीचा वास आला की साठ सालच्या आसपासचं दिग्रसचं ते जिनिंगशेजारचं घर आठवतं. दोन ठिकाणचे नकार पचवून मी, नवा गणिताचा मास्तर, तिथं मुलगी पाहायला गेलो होतो. छाप पाडायला म्हणून बोललो, "दहा हजार तीन ही अविभाज्य संख्या. तिला कशानंच भाग जात नाही. संसारही असाच असावा." पोह्यांची बशी ठेवता ठेवता मुलगी म्हणाली, "सातानं जाते न." कपाखालच्या बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून मी पाटावर भागाकार मांडला, गेला की हो पुरता. तिच्या वडिलांनी काळजीनं विचारलं, "मंग यायले नापास करू का, माय?" "राहू द्या, बाबा. शिकवीन मी." अजूनही मी जरा फुशारकी मारली, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "सातानं पाह्यलं का?"