शटरमागचं आयर्लंड

चहा यायच्या आत सांगून टाकतो, म्हणजे चहा आला की तोंड लपवायला निदान कप तरी हातात असेल. माझ्या फजित्या तुम्ही पुष्कळ ऐकल्यात. त्या मी हसत सांगतो. ही मात्र अजून हसत सांगायला जमत नाही.

भूमला माझं सायकलींचं दुकान. सातवीत शाळा सोडली आणि पंक्चर काढता काढता दुकानदार झालो. तीस वर्षं सायकली विकल्या. विकल्या म्हणतोय, चालवल्या नव्हे. मला स्वतःला गल्लीच्या टोकाला जायचं तरी स्कूटी लागते. व्हायचं तेच झालं, डॉक्टरांनी रक्तात साखर दाखवली. मग पुण्याच्या पोरानं एक स्टँड पाठवला. त्यात सायकलचं मागचं चाक अडकवायचं, समोर टीव्ही लावायचा आणि पायडल मारायचं. टीव्हीत रस्ता पुढं सरकतो. तुम्ही जोर लावला की रस्ता पळतो, तुम्ही दमलात की रस्ताही दमतो.

रस्ता कुठला? आयर्लंडचा. पोरानं तोच भरून दिला होता. पश्चिमेचा समुद्रकिनारा. रस्ता एवढा अरुंद की आपली एसटी त्याच्याकडं बघूनच परत फिरेल. मधोमध गवत उगवलेलं. दोन्ही अंगांना दगडाचे बांध, ना चुना, ना सिमेंट, नुसता दगडावर दगड बसवलेला. मेंढरांच्या पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा. समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टीअरिंगवरनं एक बोट उचलतो, ओळख असो नसो. मग मी काय करायचो? शटर अर्धं ओढून, बनियनवर बसून, मीही टीव्हीला बोट उचलून दाखवायचो.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढं. आमच्या व्यापाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. सकाळी सगळे त्यावर फुलांचे फोटो टाकतात. मी टीव्हीचा फोटो टाकायला लागलो. 'आज आयर्लंड, बावीस किलोमीटर. समुद्रावर धुकं.' टीव्हीची कड दिसू नये म्हणून फोटो जवळून काढायचो. का, तर फोटो बरा दिसावा. शपथेवर सांगतो, एवढंच.

दिवाळीनंतर पंधरा दिवस पोराकडं पुण्याला गेलो. दुकान बंद. त्याच्याकडंही तसाच स्टँड, त्यामुळं सकाळचे फोटो चालूच. परत आलो तेव्हा डोक्यावर सुनेनं घेऊन दिलेली लोकरीची टोपी.

शेजारी भारतरावाचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तो टोपीकडं बघत म्हणाला, "काय शेठ, कसं होतं आयर्लंड?"

"बोलायचं काम न्हाय. रस्ते बघावेत तर तिथले."

मला वाटलं, टीव्हीतलंच विचारतोय. पाच मिनिटं मी मनापासून सांगत होतो. सहाव्या मिनिटाला त्यानं विचारलं, "विमानात जेवायला काय देतात हो?"

इथं थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "विमानातल्या जेवणाचं काही खरं नाही."

आता यात खोटं काय आहे, सांगा. मी फक्त माझं मत दिलं.

चौथ्या दिवशी, ऐन आठवडी बाजारात, चौकात माझं पंधरा फुटी तोंड. 'आयर्लंड सायकल सफर यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल भूमच्या सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन.' मागं समुद्र, तोही माझ्याच फोटोतला. खाली शुभेच्छुक म्हणून अकरा नावं, त्यातल्या तिघांशी माझं बोलणं बंद आहे.

आमची मंडळी म्हणाली, "अहो, ते उतरवायला सांगा."

"सांगतो की."

"कधी?"

"बाजार तर उरकू दे."

त्या बाजारात एका दिवसात नऊ सायकली गेल्या. असला फ्लेक्स कुठला व्यापारी उतरवतो? उलट पुढच्या रविवारी माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. भाषणात मी आयर्लंडच्या मेंढरांवर बोललो. टाळ्या पडल्या. मी खोटं असं बोललोच नव्हतो, खरं बोलायचं तेवढं रोज राहून जात होतं.

सत्काराला आठवडा झाला असेल. दुपारी एक बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, हातात जड पिशवी. लोहाऱ्याहून धाराशिव, तिथून भूम, अशा दोन एसट्या करून आलेल्या. कमलबाई त्यांचं नाव.

"फ्लेक्सवरचे शेठ तुम्हीच न्हवं?"

"बसा ताई, पाणी घ्या."

"बसायला न्हाय आले. एक खरं विचारायचं हाय."

त्यांची लेक प्रज्ञा नर्स आहे. वर्ष झालं, आयर्लंडला गेली. समुद्रकाठच्या एका गावात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी. राहायची खोली तिथून पाच किलोमीटरवर, बस दिवसातनं दोनदा. पोरगी चालत जाते-येते आणि आता सायकल घ्यायची म्हणते.

"म्या म्हटलं, घेऊ नको. परका मुलूख, रस्ता कसला असंल काय ठाव. ती म्हणती, आई, रस्ता लई चांगला हाय. पण लेकरं आईला समदं चांगलंच सांगत्यात. माझा भाऊ इथं भूमलाच असतो, त्यानं तुमचा फोटो धाडला. म्हटलं, डोळ्यानं बघून आलेलं माणूस हाय, त्यालाच विचारावं. तुम्ही व्हय म्हणला तर घे म्हणते. न्हाय म्हणला तर न्हाय." मग पिशवी काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "आन् परत जाल तवा एवढं तिला द्या. शेंगदाण्याची चटणी हाय, ज्वारीचं पीठ हाय."

तीस वर्षांत 'सायकल घ्यावी का' असं कुणी विचारलं आणि मी नको म्हणालो, असं एकदाही झालेलं नाही. तोंडाला सवय पडलेली असते. माझ्या आधी तोंडच बोललं, "बिनघोर घेऊ द्या, ताई. रस्ता कसा, मख्खन."

बाईंचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. त्यांनी तिथंच लेकीला व्हिडिओ कॉल लावला. "प्रज्ञा, भूमचे शेठ घे म्हणत्यात. बोल त्यांच्याशी."

"जय भीम, काका. तुम्ही इकडं कुठून कुठवर सायकल चालवली?"

"जय भीम, बाळ. दीपगृहापासून निघालो, मग चर्च, मग ते लाल दाराचं चहाचं दुकान..."

"अगं आई, मी त्याच दुकानाच्या वर राहते."

काय आनंद झाला म्हणून सांगू. त्या दारावरून मी रोज सकाळी जात होतो. क्षणभर मला खरंच वाटलं की मी जाऊन आलोय.

"मग काका, त्याच्या पुढचं वळण," प्रज्ञा म्हणाली. "तिथं समुद्रावरनं आडवा वारा येतो. मला चालतानासुद्धा भिंत धरावी लागते. तुम्ही सायकल कशी सावरली? मला तेवढीच भीती वाटते. तुम्ही सांगाल तसं करीन."

वारा. आमच्या टीव्हीतून वारा येत नाही हो. आमच्याकडं वारा म्हणजे छताचा पंखा, आणि तोही दोनवर.

ठोकून देता आलं असतं. अंग वाकवायचं, ब्रेक हलका धरायचा, असलं काहीतरी जिभेवर आलंही होतं. पण कमलबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. माझ्या एका थापेवर त्यांची पोर त्या वळणावर सायकल घालणार होती. फेटा बांधून घेताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"बाळ, मी तिथं गेलेलो नाही."

"वळणापर्यंत नाही का? मग अलीकडंच थांबलात?"

"आयर्लंडलाच गेलेलो नाही."

आतल्या दारात आमच्या मंडळीनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, हे अजून विचारायचं धाडस झालेलं नाही.

मी मागच्या बाजूला जाऊन स्टँडवरच्या सायकलची चादर काढली आणि टीव्ही लावून सगळं दाखवलं. बाईंनी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या टीव्हीजवळ गेल्या.

"ह्यात माझ्या लेकीचं घर दिसतं?"

"दिसतं, ताई."

"मग बसवा मला."

मी खाली बसून पान्यानं सीट उतरवली. बाईंनी लुगडं खोचलं आणि चढल्या. उभ्या जन्मात सायकलवर न बसलेली बाई, पण स्टँडवरची सायकल पडते कशाला. चर्च मागं गेलं. लाल दार आलं. बाई थांबल्या, रस्ता थांबला. बराच वेळ वरच्या खिडकीकडं बघून म्हणाल्या, "पडदे बरे हायत." मग पुढं. समोरून मालाची छोटी गाडी आली, ड्रायव्हरनं बोट उचललं. बाईंनी पदर सावरला. मग ते वळण. मी ते रोज मान डोलवत पार केलेलं. बाईंनी पाय थांबवले आणि नीट पाहिलं. उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला कठडा गुडघ्याएवढा, खाली पाणी.

"प्रज्ञा, ऐकतीस न्हवं? सायकल घे. पण ह्या वळणाला खाली उतरायचं आन् हातात धरून चालायचं. भिंतीच्या अंगानं. समुद्राच्या बाजूला जायचं न्हाय. कळलं?"

"व्हय, आई."

चार महिने मी त्या रस्त्यावर होतो. बाईंनी पंधरा मिनिटांत निकाल दिला.

खाली उतरून त्या घाम पुसत होत्या. मी मान खाली घालून म्हणालो, "ताई, फ्लेक्स आजच उतरवतो. आणि पिशवी द्या, मी धाराशिवहून कुरिअरनं पाठवतो, मला तेवढं तरी करू द्या."

"नगं. माझा भाऊ धाडंल." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या, आणि चटणीची एक बरणी काढून काउंटरवर ठेवली.

"ही तुम्हाला."

"मला कशाला, ताई?"

"रोज इतक्या लांब जाऊन येता. भूक लागत असंल."