पळत घातलेल्या फेऱ्या

भैरवीकाकूंनी जन्मात कुणाच्या शब्दावर कोथिंबिरीची पेंडी घेतली नाही. दोरा सोडायचा, आतली काडी न् काडी बघायची, मगच ती पिशवीत. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळतात, पण तिथंही काकू आधी रिकामी चरवी उपडी करायला लावायच्या. "काकू, आता म्हशीचीबी झडती घ्या की," म्हणून गवळी हसायचा. काकू हसायच्या नाहीत.

स्वभाव मुळातलाच. पण लेकीचं, वल्लरीचं, दोनदा पाचव्या महिन्यात विस्कटलं आणि त्या स्वभावाला धार आली. पहिल्या वेळी काकूंनी दोष दिला आजऱ्याहून येताना गाडीत बसलेल्या धक्क्यांना. दुसऱ्या वेळी शेजारणीनं प्रेमानं आणून दिलेल्या लाडवांना. ती शेजारीण पुन्हा त्यांच्या दारात आली नाही. कुणाचं तरी नाव सापडलं की त्यांना जरा झोप लागायची, एवढं खरं.

यंदा वल्लरीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा काकूंनी गल्लीतल्या दत्ताला लक्ष प्रदक्षिणांचा नवस बोलला. एकटीच्यानं होणारं काम नव्हे. भजनातल्या दहा जणी पुढं आल्या. रोज एकेकीनं एकशेआठ घालायच्या, म्हणजे तीनेक महिन्यांत लाख. प्रत्येक फेरीला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत, आणि संध्याकाळी आकडा काकूंच्या वहीत.

वल्लरीला पाचवा लागला त्याच आठवड्यात एकीचा गुडघा धरला. तिच्या जागी आली प्रियदर्शनी. टेम्पो चालवणाऱ्या कृष्णातची बायको, माहेर नेसरीचं, गल्लीच्या टोकाला नवीन भाडेकरू. पोरगी हसरी, कामाला वाघ. काकूंना हसऱ्या माणसांचा भरवसा वाटत नसे.

आणि झालंही तसंच. गॅलरीत तुळशीला पाणी घालताना काकूंनी बघितलं, प्रियदर्शनी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी देवळात शिरली आणि अठ्ठावीसला बाहेर पडली. बाकीच्यांना पाऊण तास लागतो. हिच्या एकशेआठ अठरा मिनिटांत? दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"मुठीनं वतत आसंल चिंचोके," भजनातल्या सगळ्यांत थोरल्या आक्का म्हणाल्या. "कोण बघतंय अंधारात?"

"आणि खोटा आकडा देवापुढं ठेवायचा? माझ्या वल्लरीच्या नावानं?"

"मग धर की जाऊन. माझ्यापुढं कशाला वरडतीस?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच काकू सभामंडपातल्या खांबाआड उभ्या राहिल्या. प्रियदर्शनी आली, चपला काढल्या, ओढणी कमरेला गच्च बांधली, देवाला हात जोडले आणि चक्क पळत सुटली. अनवाणी पायांचा थपथप आवाज फरशीवर गोल फिरू लागला. काकू मोजायला लागल्या. देवापुढच्या वाटीत चिंचोका बरोबर एकेकच पडत होता. पण देवळामागं भिंत आणि औदुंबराचा पार यांच्यामध्ये एक बोळ होता. तिथून मधनं गेलं तर अर्धी फेरी वाचते, आणि खांबाआडून तो बोळ दिसत नव्हता.

काकू मागं निघाल्या. आधी चालत. कोपऱ्यावर ओढणीचं टोक दिसेना म्हणून भराभर. मग निऱ्या मुठीत धरून, साठी उलटलेल्या वयात, त्याही पळायला लागल्या.

"काकू, सरका की बाजूला!"

आवाज पाठीमागून आला. ती एक वळसा पुरा करून त्यांना गाठत होती.

"काय बघालाईसा?"

"तू मधनं कापतेस का, ते," काकू धापा टाकत म्हणाल्या.

"कशाला कापू? कापली तर पळायचं कमी व्हतंय की!"

काकूंना हे उत्तर कळलंच नाही. प्रियदर्शनी जागच्या जागी पाय हलवत बोलत राहिली. "नेसरीला शाळेत असताना मी बांधाबांधानं पळायचो. लग्नानंतर उचगावात भाड्यानं राहत होतो, तवा पहाटे रस्त्यानं पळून बघितलं. लोक आडवं येऊन विचारायचे, 'काय झालं वैनी, कोण गेलं काय?' सासूबाईंना चार फोन. बंद केलं. देवाभवती पळालं तर कोण कायबी म्हणत न्हाय."

"आणि नाम?"

ती ओशाळली. "खरं सांगू? पयल्या दोन-चार फेऱ्या घेतो. मग डोस्क्यात कायच ऱ्हात न्हाय बघा. पोरांचं न्हाय, घराचं न्हाय, देवाचंबी न्हाय. लई हलकं वाटतंय."

चोरी परवडली असती, चोरलेल्या फेऱ्या भरून काढता आल्या असत्या. जुनी माणसं सांगतात, दिवस भरलेली बाई भरली घागर घेऊन चालते तसं देवाभोवती हळू चालावं. आणि ही पळते, नाम न घेता, स्वतःच्या हौसेसाठी! रागाच्या तळाशी मात्र ओळखीचं काहीतरी हललं. सापडली. उद्या काही झालंच, तर नाव सापडलं.

काय मनात आलं हे कळलं आणि काकू दचकल्या.

"अजून साठ ऱ्हायल्यात, जाऊ?" म्हणत ती निघूनही गेली.

डोक्यात काही राहत नाही म्हणे! काकूंनी कुणाचा शब्द तपासल्याशिवाय कधी घेतला होता, की हा घेतील? त्यांनी पदर खोचला. पहिल्या फेरीत गुडघा बोलला. दुसऱ्या फेरीत दवाखान्यातल्या खाटेवरचं वल्लरीचं तोंड दिसलं. तिसऱ्या वळणावर मागं कोण येतंय हे बघायला गेल्या आणि अंगठ्याला ठेच लागली. मग मागं बघायचं सोडलं. पुढं नुसता श्वास, गार फरशी, औदुंबराचा वास.

खोडाला धरून थांबल्या तेव्हा किती फेऱ्या झाल्या ते सांगता येईना. नाम घेतलं की नाही, तेही नाही. एवढंच कळलं की पाच महिन्यांत पहिल्यांदा, इतका वेळ भीती वाटली नव्हती.

संध्याकाळी भजनाआधी आक्कांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, घावली का चोर?"

प्रियदर्शनीची मान खाली गेली.

"चोर नाही ती," काकू म्हणाल्या. "आकडा बरोबर आहे. मी संशय घेतला, चुकलं माझं. पण एक आहे. ती नाम घेत नाही. तिला पळायला आवडतं म्हणून पळते."

बायका कुजबुजल्या. आक्कांनी टाळ खाली ठेवले. "मग त्या फेऱ्या धरायच्या का खोडायच्या? ल्येक तुझी हाय, तूच सांग."

काकूंनी वही उघडली. प्रियदर्शनीच्या नावापुढं आठवडाभराचे आकडे होते. फोनवर दुपारीच वल्लरी म्हणाली होती, "आई, आज पोटात हालचाल जरा कमी वाटते गं." डॉक्टरांकडं उद्या जायचं होतं.

"धरायच्या," काकू म्हणाल्या.

"आणि उद्या काय उणंअधिक झालं तर?"

काकूंनी पेनाचं टोपण काढलं. "तर हिच्या पळण्याला बोल लावायचा नाही. कुणालाच नाही. आत्ता सगळ्यांदेखत सांगून ठेवते आक्का, तेव्हा मला सुचायचं नाही. तेव्हा तुम्ही आठवण करून द्या."

आक्कांनी टाळ परत उचलले. मग म्हणाल्या, "देतो की. तोंडावर देतो. लिव आता आजचा आकडा."